नगराध्यक्षांचे यजमान

"ताई, मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात 19 वर्षं रसायनशास्त्र शिकवतो. भूजलातल्या फ्लोराइडवर पीएच.डी. चालू आहे, प्रबंध निम्मा झालाय. यंदा माझी पत्नी थेट जनतेतून नगराध्यक्ष म्हणून निवडून आली. जागा महिला राखीव होती, पण ती नावापुरती उभी राहिलेली नाही. बचत गटांचं तिचं 12 वर्षांचं काम आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला लोक अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. कंत्राटदार स्टाफरूमबाहेर थांबतात. प्राचार्य म्हणतात, कॉलेजसमोरचा रस्ता तेवढा करून घ्या. अभिनंदनाच्या फ्लेक्सवर तिच्याएवढाच माझा फोटो आहे. आई म्हणते, बाईमाणसाला एकटं सोडू नकोस, बिनपगारी रजा टाक आणि कारभार बघ. पत्नी म्हणते, तुमचं तुम्ही ठरवा. जर्मनीच्या अँगेला मर्केल यांचे पती रसायनशास्त्रज्ञ आहेत आणि बायकोच्या शपथविधीलाही गेले नव्हते, असं वाचनात आलं. तसं राहायला मला आवडेल, पण लोक म्हणतील घरात पटत नाही. काय करू? या गडबडीत पावसाळ्याआधीचे पाण्याचे नमुने घ्यायचेही राहिलेत."
– एक प्राध्यापक

सर,

तुमच्या पत्रात आई काय म्हणाली, प्राचार्य काय म्हणाले, लोक काय म्हणतील हे सगळं सविस्तर आहे. पत्नीच्या वाट्याला मात्र तीन शब्द आलेत: "तुमचं तुम्ही ठरवा." बारा वर्षं बचत गट चालवणारी बाई इतकं कमी बोलते तेव्हा तिला आणखी काहीतरी म्हणायचं असतं. बहुधा ती वाट बघतेय, तुम्ही तिच्या खुर्चीत बसायला येता की नाही याची. हे मी पत्रावरून ताडतेय, चुकतही असेन. म्हणून आज रात्रीच तिला विचारा, "तुला मी कुठे हवा आहे आणि कुठे नको?" आधी हे, मग बाकीचं.

आता मर्केल यांचे पती झाउअर यांच्याबद्दल. तुम्ही त्यांच्याविषयी एवढंच वाचलंय की ते शपथविधीला गेले नाहीत. त्या एका गोष्टीवरून माणूस तुसडा वाटतो. तुम्ही स्वतः रसायनशास्त्राचे आहात, म्हणून त्यांचं काम आणि आयुष्य जरा नीट सांगते.

योआखिम झाउअर यांचा जन्म 1949 चा, पूर्व जर्मनीतल्या होसेना नावाच्या छोट्या गावातला. वडील केक-पेस्ट्री करणारे. शिक्षण पूर्व बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात, 1974 मध्ये, वयाच्या पंचविशीत डॉक्टरेट. पुढे ते बर्लिनच्या आडलर्सहोफ भागातल्या विज्ञान अकादमीच्या भौतिक रसायनशास्त्र संस्थेत लागले. सत्ताधारी पक्षाचे ते सदस्य नव्हते, आणि त्या देशात पक्षाबाहेरच्या माणसाला वर चढायला वाट अरुंद होती. पण शास्त्र चालू राहिलं. 1978 मध्ये त्याच संस्थेत भौतिकशास्त्र शिकलेली एक तरुणी आली, अँगेला मर्केल. साध्या हायड्रोकार्बनच्या अभिक्रियांचा वेग गणिताने कसा काढायचा, हा तिच्या प्रबंधाचा विषय. 1986 मध्ये प्रबंध पूर्ण झाला, त्यात तिने झाउअर यांचे आभार मानलेत, हस्तलिखित कसून तपासल्याबद्दल. 1988 मध्ये झेकोस्लोव्हाकियातल्या एका संशोधनपत्रिकेत दोघांचा मिळून एक लेखही आला, आणखी दोन सहलेखकांसह. म्हणजे ही ओळख कामाच्या टेबलावरची. एकमेकांची आकडेमोड तपासण्यातून आलेली.

1989 च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली आणि इथून पुढे मला ही गोष्ट फार भावते. एकच दार उघडलं आणि दोघं त्यातून दोन दिशांना गेले. ती 35 वर्षांची होती. तिने प्रयोगशाळा सोडली ती कायमची. ते चाळिशीचे होते आणि त्यांना इतकी वर्षं हवं होतं तसं शास्त्र आता कुठे करायला मिळणार होतं. 1990-91 मध्ये ते अमेरिकेत सॅन डिएगोला, रेणूंची गणितं करणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत होते. तिथून परत येऊन 1992 मध्ये माक्स प्लांक संस्थेच्या क्वांटम रसायनशास्त्राच्या गटाचे प्रमुख, 1993 मध्ये हुम्बोल्ट विद्यापीठात प्राध्यापक. तोवर ती मंत्री झालेली होती. ती राजकारणात एकेक पायरी चढत होती त्याच वर्षांत हे आपल्या विषयात पाय रोवत होते. कोणी कोणासाठी थांबलं नाही, आणि त्यामुळे कोणाचं कोणावाचून अडलंही नाही. 1998 च्या 30 डिसेंबरला लग्न केलं, तेही गाजावाजा न करता; लोकांना कळलं ते वर्तमानपत्रातल्या छोट्याशा जाहिरातीतून.

त्यांचा विषय झिओलाइट. तुम्हाला सांगायला नको, पण आपल्या वाचकांसाठी सांगते: सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं जाळीदार स्फटिक. जाळीची भोकं रेणूच्या मापाची, त्यामुळे एखादा रेणू आत शिरतो, एखादा बाहेरच राहतो. खनिज तेलाचे मोठे रेणू फोडून पेट्रोल करायला रिफायनरीत ते लागतं, आणि कपडे धुण्याच्या पावडरीत जड पाणी हलकं करायलाही. आता या जाळीच्या आत अभिक्रिया नेमकी कशी घडते, किती वेगाने घडते, हे डोळ्यांना दिसत नाही. क्वांटमची समीकरणं लावून ते काढता येतं. पण सगळं स्फटिक समीकरणात घालायला गेलं तर संगणक थकतात. झाउअर आणि त्यांच्या गटाने ज्या मोजक्या अणूंभोवती खरी घडामोड होते तेवढा भाग अगदी बारकाईने मोजला आणि भोवतालचं जाळं स्वस्त पद्धतीने हिशेबात धरलं. या दोन हिशेबांचा सांधा असा बसवायचा की उत्तर प्रयोगाशी ताडून बघता आलं पाहिजे. अनेक दशकं ते हेच अधिकाधिक अचूक करत आले. 2018 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडलं. त्या निवडीशी बायकोच्या पदाचा काडीमात्र संबंध नव्हता. असलं काम पाच वर्षांची बिनपगारी रजा टाकून, परत येऊन 'कुठवर आलो होतो बरं' असं म्हणत उचलता येत नाही. तुमचंही येणार नाही.

मर्केल 22 नोव्हेंबर 2005 रोजी चॅन्सलर, म्हणजे जर्मनीच्या सरकारप्रमुख, झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. आईवडील संसदेच्या सज्जात बसले होते. झाउअर यांनी तो शपथविधी आपल्या कामाच्या जागी बसून टीव्हीवर पाहिला. 2009 ला गेले नाहीत, 2013 ला गेले नाहीत. पत्रकारांना त्यांनी एकच गोष्ट सांगून ठेवली होती: अध्यापन आणि संशोधनाबद्दल विचाराल तर उत्तर देईन, बायकोच्या राजकारणाबद्दल देणार नाही. दर उन्हाळ्यात बायरॉइथ गावी, वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेरांच्या महोत्सवात मात्र दोघं एकत्र दिसायची, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव 'ऑपेरातलं भूत' पाडलं. लोक काय म्हणतील ही तुमची धास्ती त्यांच्याही वाट्याला आली होती, आणि तीही देशभराच्या पातळीवर. सोळा वर्षं लोक म्हणत राहिले. संसार टिकला, शास्त्रही टिकलं.

शपथविधीबाबत मी तुम्हाला त्यांच्यासारखं वागायला सांगणार नाही. मला ते पटलेलं नाही. आयुष्यात एकदाच येणारा तो दिवस होता. जाऊन मागच्या रांगेत बसले असते तर शास्त्राचं काही बिघडलं नसतं. त्यांनाही बहुधा पुढे तसं वाटलं असावं, कारण 2018 मध्ये चौथ्या शपथविधीला ते सज्जात हजर होते. तेव्हा तुम्ही जा. ध्वजवंदनाला जा, तिच्या सत्काराला जा. खाली, बाकीच्या कुटुंबीयांबरोबर बसा. स्टेजवर कोणी ओढायला आलं तर हात जोडा आणि खुर्ची सोडू नका. आपल्याकडे स्टेजवर बसलेल्या नवऱ्याचा अर्थ वेगळा लागतो.

कारण आपल्याकडची गोष्ट जर्मनीच्या नेमकी उलट आहे. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत, आणि त्याच्यासोबत 'सरपंचपती' हा शब्दही गावोगाव रुळला. बाई सही करते, कारभार नवरा बघतो, ग्रामसभेत तोच बोलतो, फोन त्याच्याच खिशात. आईने तुम्हाला मायेने जो सल्ला दिलाय तो या वाटेवर नेणारा आहे, हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल. तुम्ही रजा टाकून नगरपालिकेत जाऊन बसलात तर महिनाभरात गावाला कळेल की काम तुमच्याकडून होतं. मग अर्ज तुमच्याकडे, नमस्कार तुम्हाला, आणि सह्या व चौकशा तिच्या नावावर. बारा वर्षांत तिने जे कमावलं ते तुमच्या चांगुलपणापायी जाईल.

'यजमान' हा आपला शब्द मोठा सोयीचा आहे, नवरा आणि पाहुणचार करणारा, दोन्ही अर्थ त्यात बसतात. झाउअर जिथे खरोखर यजमान व्हायला हवं तिथे झाले. 2007 मध्ये हायलिगेनडामला जी-8 ची बैठक होती तेव्हा पाहुण्या नेत्यांच्या जोडीदारांची सरबराई त्यांनीच केली. 2017 च्या हॅम्बुर्गच्या जी-20 बैठकीवेळी जोडीदारांच्या कार्यक्रमात त्यांनी हवामानाची गणितं करणाऱ्या संगणन केंद्राची भेट घातली होती. नेहमीच्या खरेदी-फिरस्तीच्या जागी हे! आपल्या विषयाचा माणूस आपल्या पद्धतीने पाहुणचार करतो म्हणजे काय, ते मला त्यात दिसलं. तुमच्या गावात पाहुणे आले, बचत गटांच्या बायका घरी जेवायला आल्या, तर वाढायला उभे राहा. त्या वेळी 'मी आपला प्राध्यापक' म्हणून कोपरा धरू नका.

आणि घर. चॅन्सलरसाठी कार्यालयातच सरकारी निवास होता, पण ही दोघं तिकडे राहायला गेली नाहीत. बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयासमोरच्या आपल्या जुन्या घरातच राहिली आणि दारावरच्या घंटीपाशी नाव होतं प्राध्यापक डॉक्टर झाउअर यांचं. सुट्टीला बर्लिनच्या उत्तरेला उकरमार्कमधल्या साध्या घरी. तिथे मर्केल स्वतः केक भाजायच्या, आणि नवऱ्याची तक्रार कसली तर केकवरचा लोणी-साखरेचा चुरा नेहमी कमी पडतो. पेस्ट्रीवाल्याचा मुलगा शेवटी! हे मर्केल यांनीच एका मुलाखतीत सांगितलं होतं. दिवसभर युरोपभरच्या पुढाऱ्यांशी बोलून आलेल्या बाईला चुरा कमी पडला म्हणून सांगणारा कोणीतरी घरात असणं, यातली सोबत मला फार मोलाची वाटते. आईंना सांगा, तुम्ही तिला एकटं सोडत नाही आहात. ती रात्री साडेनऊला सभा संपवून येईल तेव्हा घरात पोरांचा अभ्यास झालेला असेल, ताट झाकून ठेवलेलं असेल, आणि तिच्याशी टेंडर सोडून दुसरं काही बोलणारा माणूस जागा असेल. हे रजा न टाकता जमतं.

हे पुरुषांनाच जमतं असंही नाही. अमेरिकेत जिल बायडेन यांनी वयाच्या 55 व्या वर्षी, 2007 मध्ये डॉक्टरेट मिळवली (तुमच्या निम्म्या प्रबंधाला हे ऐकवा). नवरा उपराष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा 2009 पासून त्या व्हर्जिनियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात लेखन शिकवत होत्या, आणि 2021 मध्ये व्हाइट हाउसमध्ये गेल्यावरही शिकवत राहिल्या. सरकारी विमानात बसून पोरांचे पेपर तपासायच्या. तरी 2020 च्या डिसेंबरात एका मोठ्या वर्तमानपत्रातल्या लेखात त्यांनी नावामागचं 'डॉक्टर' काढून टाकावं असा सल्ला कोणीतरी दिलाच. आपल्याकडे अमरावतीचे डॉ. देवीसिंह शेखावत, प्रतिभाताई पाटील यांचे पती, तेही रसायनशास्त्राचेच. पण ते स्वतः आमदार होते, अमरावतीचे पहिले महापौर होते. राजकारण त्यांचंही होतं. त्यामुळे तो दाखला तुम्हाला लागू पडत नाही.

आता रोजचं. सकाळी सातला येणाऱ्यांना चहा द्या, पण कागद हातात घेऊ नका. अर्ज एकदा हातात घेतला की तो तुमचा झाला, संध्याकाळी माणूस विचारणार, "सर, माझं काय झालं?" त्याला नगरपालिकेत तिच्या भेटण्याची वेळ सांगा, आणि ती वेळ मोठ्या अक्षरात लिहून फाटकावर लावा. पहिले पंधरा दिवस लोक रागावतील. अर्ज नगरपालिकेत गेला की काम होतं हे एकदा दिसलं की तुमच्या फाटकापाशी कोणी थांबणार नाही. प्राचार्यांना म्हणा, कॉलेजच्या लेटरहेडवर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा, आवक विभागात देऊन पोच घ्या. रस्ता व्हायचा असेल तर तसाच होऊ दे. फ्लेक्सवरचा तुमचा फोटो काढायला सांगा, पोरं हौसेने लावतात, पण सांगितलं तर ऐकतात.

कंत्राटदारांच्या बाबतीत मात्र एवढं सौम्य राहू नका. स्टाफरूमबाहेर जो थांबतो तो तुमची ओळख काढायला आलेला नाही. पहिल्याच भेटीत, चार सहकाऱ्यांदेखत, "इथे यायचं नाही" म्हणा, आणि कोण आलं होतं हे त्याच संध्याकाळी पत्नीला सांगा. दिवाळीची मिठाई, मुलीच्या वाढदिवसाचं पाकीट, 'सहज' आलेला आंब्याचा बॉक्स, यातलं काही घरात येऊ देऊ नका. आईंनाही हे नीट समजावून सांगा, कारण बॉक्स दुपारी येतात, तुम्ही दोघं घरात नसताना.

खरी कसोटी मात्र या सगळ्यापेक्षा तुमच्या संशोधनात आहे, आणि त्या कसोटीचा तुम्ही पत्रात विचारही केलेला दिसत नाही. तुमचा विषय फ्लोराइड. गावाला पाणी पुरवते नगरपालिका. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्याच्यावर गेलं की पोरांचे दात पिवळे-तपकिरी डागाळतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की हाडं धरतात. उद्या गावातल्या एखाद्या विंधन विहिरीचा आकडा दोनच्या वर आला तर? तेव्हा कोणीतरी म्हणेल, सर, वहिनींची अडचण होईल, हा नमुना सोडून द्या. आणि दुसरा कोणी म्हणेल, नगरपालिकेचाच प्रकल्प करू, फ्लोराइड काढायचं यंत्र तुम्हीच बसवा, पैसे आहेत. दोघांनाही सारखाच नकार द्या. नगरपालिकेचा पैसा संशोधनाला घेऊ नका, तिच्या खरेदीत कसलंही मत देऊ नका. हे सगळं गाइडना आताच लेखी कळवून ठेवा. आकडा वाईट आला तर तो तुमच्या गाइडमार्फत मुख्याधिकाऱ्यांना आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेला एकाच दिवशी जाऊ दे. पत्नीला तो त्यांच्याबरोबरच कळेल. त्यावर काय करायचं ते ती ठरवेल. ते तिचं काम आहे, आणि तिला ते जमेल.

बायकोच्या गावातल्या विहिरीचा आकडा जसाच्या तसा लिहिणारा नवरा असणं, नगराध्यक्षाला याहून मोठा आधार मला सुचत नाही. तुम्ही तिच्या फायली बघत बसलात तर हा आकडा गावात दुसरं कोणी काढणार नाही.

पावसाळ्याआधीचे नमुने घ्यायचे राहिलेत म्हणता. एकदा पाऊस पडून पाणी मुरलं की हे आकडे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिळायचे नाहीत. बाटल्या प्लॅस्टिकच्याच घ्या असं तुम्हाला सांगायची गरज नाही. येत्या रविवारी पहाटे, दाराशी माणसं यायच्या आत निघा. जमलं तर मोठ्या मुलाला सोबत न्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या तो लावेल.